बोर्ड होता, पण कोणी नव्हतं

आज सकाळी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. अमेरिकेत आमच्या मॅसॅच्युसेट्सला लागून असलेल्या व्हरमाँट राज्यातलं कुणाचं तरी शेत. मागे पानगळीने लाल-केशरी झालेले डोंगर, पांढरं घर, बाजूला लाल रंगाचा मोठा गोठा, आणि पुढे वाळल्या गवताच्या गठ्ठ्यावर बसलेलं जोडपं, ती पैठणीत, तो झब्ब्यात. फोटो देखणा आहे. लगेच बदाम, ‘वॉव’, ‘लोकेशन पाठव ना’ सुरू झालं. कुणीतरी विचारलं, आत जाऊ देतात का? उत्तर आलं, ‘बोर्ड होता, पण कोणी नव्हतं. गेट ओलांडून पाच मिनिटांत आलो बाहेर.’ त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी लिहिलं, अहो ते कुणाचं तरी घर आहे. तर मला सांगण्यात आलं, ‘ताई, लाँग वीकेंडला तरी नको ना. चिल.’

नाही होत मी चिल. दिवसभर डोक्यात तेच घोळतंय, म्हणून रात्री जेवणं उरकून इथे लिहायला बसले. माझ्या यादीत जी माणसं आहेत ती बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातली, नाहीतर एक पिढी मागे गेलं की थेट बांधावर पोचणारी. दुसऱ्याच्या रानात न विचारता शिरायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग ग्रीन कार्ड मिळालं की हे कुठे जातं?

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आई-अण्णा आले होते. बहुतेक लोक आई-वडिलांना मे-जूनमध्ये बोलावतात, नायगारा आणि न्यू यॉर्क दाखवतात आणि मग ते बिचारे उरलेले महिने खिडकीत बसतात. मी हट्टाने पानगळीच्या दिवसांत बोलावलं. अण्णांना इमारतींचं काही नाही. माणूस जन्मभर रानात वावरलेला, त्याला झाडं दाखवावीत असं मला वाटलं. व्हरमाँटमध्ये वुडस्टॉकच्या आसपास आतल्या रस्त्यांनी चाललो होतो. एका वळणावर असं कुरण लागलं की गाडी आपोआप हळू झाली. उतारावर कापलेलं गवत, कडेला शुगर मेपलची जुनी झाडं, सगळी पेटलेली. कडेला जागा बघून थांबलो. माझा मुलगा पळत जाऊन फाटकावर चढायला लागला. अण्णा गाडीतून उतरले आणि पहिलं काय म्हणाले? “कुनाचं रान हाय ह्ये? इचारलं का?”

मी म्हटलं, इथे कोणी दिसत नाही.

“मग हितनंच बघू. बघायला काय पैसं पडत न्हाईत.”

पोराला त्यांनी खाली उतरवलं आणि तारेच्या अलीकडे उभं राहून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बराच वेळ. त्या तारेच्या अलीकडून माझ्या वडिलांचं काहीही बघायचं राहिलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

थोड्या वेळाने तिकडून ट्रॅक्टर आला. वर एक म्हातारे गृहस्थ. आम्ही बाहेर उभे आहोत हे बघून त्यांनी ट्रॅक्टर बंद केला आणि तारेपाशी आले. अण्णांना इंग्रजी येत नाही, त्या गृहस्थांना मराठीचा गंध नाही, मी मध्ये दुभाषी. अण्णांचा पहिला प्रश्न, “गवत किती येळा कापता?” दोनदा, पाऊस चांगला झाला तर तीनदा. “गायी किती? हिवाळ्यात त्यांना काय घालता?” तेच गवत, सहा महिने, बर्फ असतं तोवर. अण्णा मान हलवत होते. बोलणं पाच-दहा मिनिटांचं असेल, पण मला त्या माणसाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ऑक्टोबरात त्याच्या कुंपणाशी आलेल्या माणसांपैकी गवताबद्दल कुणी विचारत नसणार.

आणि हीच गोष्ट त्या फोटोवाल्यांना समजत नाही. तुम्ही ज्याच्यापुढे उभे राहता ते दृश्य कुणीतरी सांभाळलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हरमाँटचे बहुतेक डोंगर मेंढ्यांसाठी बोडके करून ठेवले होते. पुढे शेतकरी पश्चिमेकडे गेले, रानं ओस पडली, झाडं परत आली, आज राज्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. म्हणजे तिथली जमीन नुसती सोडून दिली तर झाडोरा माजतो आणि पुढचं काही दिसत नाही. जिथे तुम्हाला हिरवं कुरण आणि त्याच्या कडेने लाल मेपल अशी चौकट मिळते, तिथे कुणीतरी दर उन्हाळ्यात ऊन-घाम काढून ते गवत कापतंय. गठ्ठे बांधतंय. तुम्ही ज्या गठ्ठ्यावर पैठणी पसरून बसलात ते गायीचं हिवाळ्याचं खाणं आहे. आमच्याकडे कुणी वैरणीच्या गंजीवर बसून फोटो काढला असता तर आजीने काय केलं असतं ते लिहीत नाही.

रस्त्याला एकही जाहिरातीचा फलक नाही, हेही अण्णांच्याच लक्षात आलं. पुणे-सातारा रस्त्यावर डोंगर दिसायच्या आधी नेत्यांचे वाढदिवस दिसतात. व्हरमाँटने 1968 साली कायदा करून हे फलक बंद केले. एवढं जपणाऱ्या लोकांकडे आपण पाहुणे म्हणून जातो.

पॉम्फ्रेटचं तरी आठवा. वुडस्टॉकच्या शेजारचं छोटं गाव. तिथल्या क्लाउडलँड रोडवर एक शेतघर आहे, स्लीपी हॉलो फार्म. खोलगट जागेत घर, वळत जाणारी वाट, भोवती मेपल. तुम्ही ते नक्की पाहिलंय, दर ऑक्टोबरात कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर असतं. खासगी घर आहे ते. समाजमाध्यमांवर फिरत फिरत इतकं प्रसिद्ध झालं की लोक फाटकावरून उड्या मारायला लागले, कपडे बदलायला आडोसे उभारायला लागले, घाण करून जायला लागले, गाड्या रस्त्यातच लावायला लागले. रुग्णवाहिका जाणार कशी? व्हरमाँटमधले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत, अरुंद, समोरून गाडी आली तर एकाला कडेला घ्यावी लागते. शेवटी गावाने 2023 मध्ये 23 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर तो रस्ता बाहेरच्यांना बंदच करून टाकला. स्वतःच्या गावचा रस्ता बंद करण्याची पाळी लोकांवर आणायची म्हणजे काय?

हो, तिथे गोंधळ घालणारे सगळे आपले नव्हते, बहुतेक तर इथलेच असतील. त्याने मला काही फरक पडत नाही. मला माझ्या माणसांचं वाईट वाटतं, कारण आपल्याला माहीत आहे.

आपल्याला माहीत आहे, कारण कास आहे. आमचं रान साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर. माझ्या लहानपणी कास म्हणजे साताऱ्याला पाणी पुरवणारं तळं आणि त्याच्या वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. गुरं चरायला जायची. पावसाळा सरताना तेरडा, सोनकी, सीतेची आसवं यायची, सात वर्षांनी टोपली कारवी फुलायची, आणि कुणी त्याचा गाजावाजा करत नव्हतं. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव गेलं आणि मग पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागली. कातळावर बोटभर माती, त्यात ती फुलं. पाय पडला की गेली. लोक त्यात लोळून फोटो काढायला लागले. शेवटी तिथेही कुंपण, तिकीट आणि दिवसाला किती माणसं याची मर्यादा आली.

त्या काळात एका सप्टेंबरात आमच्या बांधाला कुणीतरी गाडी लावून बसलं होतं. प्यायले, बाटल्या खाचरात फेकल्या, गेले. कोण ते कधीच कळलं नाही. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखल आणि पाणी असतं, आत काय आहे दिसत नाही. आई तण काढायला उतरली आणि काच तिच्या तळव्यात आरपार गेल्यासारखी गेली. पुढे कितीतरी दिवस ती टाच टेकवून चालत होती. तीही माणसं आपापल्या ग्रुपवर फोटो टाकूनच झोपली असतील, आणि खाली लोकांनी ‘स्वर्ग’ असं लिहिलं असेल.

म्हणून अण्णा त्या फाटकाशी थांबले होते. त्यांनी तिकडे खाचराचा उल्लेखही केला नाही. मलाच ते रात्री मोटेलमध्ये पडल्यावर लक्षात आलं आणि झोप उडाली.

आता थोडं शांतपणे लिहिते, मगाशी रागाच्या भरात बरंच लिहून गेले. मी पानगळ बघायला जाऊ नका म्हणत नाही. उलट सगळ्यांनी जावं. घरच्यांना न्यावं. अण्णांनी मला विचारलं होतं की पान लाल का होतं, आणि मी घरी वाचून ठेवलं होतं म्हणून सांगता आलं. दिवस लहान होतात, झाड पानात हरितद्रव्य तयार करणं थांबवतं, हिरवा ओसरतो आणि आत आधीपासून असलेला पिवळा दिसायला लागतो. लाल मात्र झाड त्याच दिवसांत नव्याने बनवतं, पानात अडकलेल्या साखरेच्या जोरावर. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, पण गोठवणारा नाही, असं जमलं की लाल खुलतो. साखर म्हटल्यावर अण्णा सावरून बसले. तरुणपणी कराडकडे गुऱ्हाळावर काम केलेलं. मग मेपलचं सिरप आलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडाला भोक पाडून रस गोळा करतात, मोठ्या पसरट कढईत आटवतात. किती आटवतात? चाळीस गॅलन रसाचं एक गॅलन सिरप. “चाळीसाला येक?” अण्णांचा विश्वासच बसेना. “जळण किती लागत आसंल?” वाटेत एका शेतावरच्या सिरप बनवायच्या शेडमध्ये आम्ही थांबलो, रीतसर दुकान होतं, आत जायला परवानगी होती, आणि अण्णा त्या कढईच्या कडेकडेने फिरून चुलवाण कुठे आहे ते बघत होते. ती त्यांची अमेरिका. मला तो अर्धा तास कुठल्याही फोटोपेक्षा मोलाचा आहे.

‘पण पर्यटकांमुळेच तिथली गावं चालतात’ हे मला ग्रुपवर ऐकवलं गेलं. बरोबर आहे, चालतात. पण त्यासाठी तिथे काहीतरी विकत घ्यावं लागतं. सकाळी बोस्टनहून निघायचं, गाडीत ठेपले आणि कॉफीचा थर्मास, कुणाच्या तरी शेतात फोटो, संध्याकाळी परत. त्या गावाला यातून काय मिळालं? कचरा.

आणि ‘कोणी नव्हतं’ हे तर मला सगळ्यात जास्त लागलंय. त्याच दिवशी पुढे रस्त्याच्या कडेला एक टेबल होतं. त्यावर भोपळे, सफरचंदांच्या पिशव्या, किंमत लिहिलेली पाटी आणि झाकणाला फट पाडलेला एक पत्र्याचा डबा. आजूबाजूला माणूस नाही. व्हरमाँटमध्ये असं जागोजागी असतं, माल उचला, पैसे डब्यात टाका. आईला वाटलं विसरून गेलेत. मी समजावल्यावर अण्णांनी पिशवी उचलली, मला नोटा मोजायला लावल्या, एक डॉलर कमी होता तर मुलाच्या खिशातली नाणी काढायला लावली, आणि मगच गाडीत बसले. तिथेही कोणी नव्हतं.

मी त्या जोडप्याला ओळखते. वाईट माणसं नाहीत. गणपतीला मोदक वाटतात, कुणाच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री गाडी काढतात. म्हणूनच इतका राग आला असेल. परक्याने केलं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं.

ज्यांना अजून जायचंय त्यांच्यासाठी: उत्तर व्हरमाँटचा रंग आता उतरला, तिकडे धावू नका. या आठवड्यात आपलं मॅसॅच्युसेट्सच छान आहे. रूट 2 वरचा मोहॉक ट्रेल घ्या, नॉर्थ अ‍ॅडम्सच्या अलीकडचं ते तीव्र वळण घाटासारखं आहे, वरून सगळी दरी दिसते. तिथून माउंट ग्रेलॉक, 3,491 फूट, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, माथ्यापर्यंत गाडी जाते आणि जमीन सरकारी, थांबायला नेमून दिलेल्या जागा. पुढच्या वर्षी न्यू हॅम्पशरला गेलात तर कँकमॅगस हायवे करा, लिंकन ते कॉनवे, साधारण 34 मैल, राष्ट्रीय वनातून जातो आणि जागोजागी रीतसर थांबे आहेत. पेट्रोल मात्र आधी भरून घ्या, मध्ये एकही पंप नाही. असे रस्ते असताना कुणाचं फाटक ओलांडायची गरजच काय?

आम्ही शनिवारी सकाळी सातला ग्रेलॉककडे निघतोय. गाडीत दोन जागा आहेत, कुणाला आई-वडिलांना पाठवायचं असेल तर आज-उद्या कळवा. वर वारा फार असतो, त्यांना कानटोपी द्या. खाली अ‍ॅडम्समध्ये जेवू आणि येताना सफरचंदं घेऊ, तर थोडे सुटे पैसे असू द्या.