मालवणी मालिकेला ‘राष्ट्रीय पुरस्कार’ नाकारल्याचा दावा

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : टीव्हीचे राष्ट्रीय पुरस्कार केंद्र सरकार देते, ते हिंदी मालिकांनाच मिळतात, आणि टीआरपी (मालिका किती जण पाहतात त्याचा आकडा) चांगला असूनही ‘रात्रीस खेळ चाले’सारखी गाजलेली मालिका कोकणातली म्हणून डावलली गेली. खाली स्वर्णकमळाचे चित्र डकवलेले आहे. या मजकुरातली चीड समजू शकते. माहिती मात्र बहुतेक चुकीची आहे.

चित्रापासूनच सुरुवात करू. स्वर्णकमळ हे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे पदक आहे. त्या पुरस्कारांत मालिकांचा विभागच नाही आणि स्पर्धेत उतरण्यासाठी चित्रपटाला त्या वर्षात सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र मिळालेले असावे लागते. रोजच्या मालिका त्या बोर्डाकडे जात नाहीत. त्यामुळे हिंदी असो वा मालवणी, कोणतीही मालिका त्या रांगेत उभीच नसते, मग तिला रांगेतून हाकलणार कोण? राहिला कोकणाला डावलण्याचा आरोप. १९५४ साली हे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला, म्हणजे दापोलीजवळच्या पालगडच्या मुलाच्या गोष्टीला मिळाले होते.

मग हिंदी मालिकांच्या कलाकारांच्या हातात दिसतात ती सन्मानचिन्हे कुठली? इंडियन टेली अवॉर्ड्स आणि इंडियन टेलिव्हिजन अकॅडमी अवॉर्ड्स हे दोन्ही सोहळे २००१ साली सुरू झाले आणि दोन्ही खासगी आहेत. त्यांत परीक्षकांनी ठरवलेले पुरस्कार असतात, तसेच प्रेक्षकपसंतीचेही असतात, आणि स्पर्धा मुख्यतः हिंदी मालिकांची असते. नावात ‘इंडियन’ आहे म्हणून ते सरकारी होत नाहीत.

‘मालिकावाल्यांना फाळके पुरस्कारसुद्धा मिळतो’ हे त्या मजकुरातले वाक्य सर्वांत जास्त दिशाभूल करणारे आहे. दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून केंद्र सरकार देते. पहिला मानकरी देविका राणी. तो चित्रपटसृष्टीतल्या आयुष्यभराच्या कामगिरीसाठी असतो. दादासाहेब फाळके इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल हा वेगळा, खासगी सोहळा आहे आणि त्यात टीव्ही कलाकारांनाही पुरस्कार दिले जातात. बातमीचा मथळा लिहिताना मधले तीन इंग्रजी शब्द गाळले की घोटाळा तयार. (हे नेहमीच अनवधानाने होते, असे मानायला मी तयार नाही.)

टीआरपीचा मुद्दा लवकर संपतो. बार्क ही संस्था निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून किती जणांनी काय पाहिले याचा अंदाज काढते. त्यावर जाहिरातींचे दर ठरतात, अभिनयाचा दर्जा नव्हे. शिवाय मराठी वाहिनीवरच्या मालिकेचा टीआरपी हिंदी वाहिनीच्या आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही, कारण दोघांचा प्रेक्षकवर्गच वेगळा आहे.

‘मराठीला दिल्लीत कोणी विचारत नाही’ हे मजकुरातले विधानही तपासावे. गोव्यातल्या इफ्फीमध्ये, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, २०२३ पासून सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार आहे आणि तो देण्यात माहिती व प्रसारण मंत्रालयाचा सहभाग आहे. पहिल्या वर्षी हिंदी ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाला तो मिळाला, तर २०२४ साली निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित मराठी ‘लंपन’ला. बांद्याची हद्द ओलांडली की गोवा, तरी ही बातमी आपल्या ग्रुपांपर्यंत फारशी पोहोचली नाही. मात्र तो पुरस्कार ओटीटीसाठीच्या, म्हणजे इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या मालिकांना आहे, वाहिनीवरच्या दैनंदिन मालिकेला तो लागू होत नाही.

मजकुरातली एक तक्रार खरी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी बोली रोज रात्री महाराष्ट्रभर नेली आणि सिंधुदुर्गातल्या आकेरीतला नाईकांचा वाडा पाहायला लोक गाड्या करून येऊ लागले, पण अशा कामाची हिंदी मालिकांच्या बरोबरीने, एकाच परीक्षक मंडळापुढे तुलना होईल अशी जागा टेली आणि टेलिव्हिजन अकॅडमी या दोन मोठ्या सोहळ्यांत जवळपास नाही. वाहिन्यांचे स्वतःचे सोहळे त्यांच्याच मालिकांपुरते असतात. ही मागणी त्या खासगी आयोजकांकडे आणि वाहिन्यांकडे करायची आहे. स्वर्णकमळाचे चित्र लावून ती मंत्रालयाच्या नावावर पाठवली, तर उत्तर एका ओळीत येईल : हा पुरस्कार मालिकांसाठी नाही.