शंभर म्हणजे नक्की किती?

प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मला सगळ्यात मोठा आनंद कशाचा झाला असेल, तर आता माणसांशी फारसं बोलावं लागणार नाही याचा. पांढरा कोट, समोर नळ्यांची रांग, बाजूला घरघरणारं यंत्र आणि मधे मी. नळी कधी 'काय, हल्ली दिसत नाही?' असं विचारत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? पण रुजू झाल्या झाल्या हातात पडलं ते 'कामाच्या ठिकाणचे मूलभूत संवादकौशल्य' या प्रशिक्षणाचं वेळापत्रक.

प्रशिक्षक मोठे उत्साही गृहस्थ होते. प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध बहुधा स्वतःची साखर तपासून घेण्यापुरताच आला असावा. ते म्हणाले, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. आमच्या डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर मास्क, आणि मास्कमधून वर जाणाऱ्या वाफेनं गॉगलवर धुकं. ते म्हणाले, चेहरा हसरा ठेवा. ठेवला, मास्कच्या आत ठेवला. ते म्हणाले, हस्तांदोलन ठाम हवं. हातमोजे घातलेल्या लॅबवाल्यानं हात पुढे केला, तर शहाणा माणूस दोन पावलं मागे सरकतो, आणि सरकावंच. सौम्य, मृदू आवाजात बोला म्हणाले. सेफ्टी कॅबिनेटचा पंखा आणि नमुने गरगरा फिरवणारं सेंट्रिफ्यूज एकदम चालू असताना सौम्य आवाज फक्त बोलणाऱ्यालाच ऐकू येतो, आणि तोही अंदाजानं.

शेवटी नाट्यछटा झाली. मला संतापलेल्या ग्राहकाची भूमिका मिळाली. मी जीव तोडून संतापलो. समोरचा म्हणाला, "काही बोलताय का?" त्या कामगिरीवर मला प्रमाणपत्र मिळालं.

खरं शिक्षण सुरू झालं ते आमच्या सीनियर मॅडमच्या हाताखाली. संवादकौशल्य हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यांच्याकडे एकच प्रश्न होता: "म्हणजे नक्की काय?" तो त्या इतक्या शांतपणे विचारत की समोरच्याला आपण आयुष्यात आजवर एकही वाक्य पूर्ण बोललेलो नाही, असं वाटू लागे.

झालं असं, की एक सहकारी जाता जाता मला म्हणाला, "पिपेट शंभरवर लाव, मी आलोच." मॅडमनी ते ऐकलं. त्यांनी टेबलावर तीन पिपेटं (थेंबभर द्रव मोजून घ्यायची साधनं) ठेवली: एक २० मायक्रोलिटरपर्यंतचं, एक २०० पर्यंतचं, एक १००० पर्यंतचं. तिन्हींच्या खिडकीत तीन-तीन आकडे दिसतात. म्हणाल्या, "लाव शंभर." मी तिन्ही खिडक्यांत एक, शून्य, शून्य आणलं.

"पहिल्यात किती आलं?"

"दहा. शेवटचा आकडा दशांशाचा आहे."

"दुसऱ्यात?"

"शंभर."

"तिसऱ्यात?"

"हजार."

"मग शंभर म्हणजे नक्की किती?"

उत्तर देऊ शकेल असा एकमेव माणूस 'आलोच' म्हणून गेला होता. प्रयोगशाळेत 'आलोच' या मापाचं एकक अजून ठरलेलं नाही.

यापेक्षा जुनं दुखणं म्हणजे 'एकास दहा'. नमुना एकास दहा पातळ कर, असं कोणी म्हणालं की आमच्या लॅबचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एक भाग नमुना आणि नऊ भाग बफर (नमुना पातळ करायचा द्राव), एकूण दहा. दुसरा म्हणतो, एक भाग नमुना आणि दहा भाग बफर, एकूण अकरा. दोन्ही तट एकाच टेबलावर, एकाच बाटलीतला बफर वापरत वर्षानुवर्षं सुखानं नांदत होते, कारण कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. 'एकास एक'वर तर युद्धच व्हायचं. कोणासाठी ते निम्म्यास निम्मं, कोणासाठी पाणी न घालता आहे तसं! मॅडमनी गुणोत्तरांवर बंदीच घातली. आता आम्ही म्हणतो, "१०० मायक्रोलिटर नमुना, ९०० मायक्रोलिटर बफर, एकूण १०००." बोलायला दमछाक होते, पण भांडायला काही उरत नाही. काही जुन्या मंडळींना त्याचीच हळहळ वाटते.

'तीन हजारवर फिरवून घे' हेही तसलंच. सेंट्रिफ्यूजमधला, नळ्या धरून मिनिटाला ३००० फेरे घेणारा रोटर १० सेंटिमीटर त्रिज्येचा असेल तर नमुन्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण हजारपट जोर येतो, १५ सेंटिमीटरचा असेल तर दीड हजारपट. म्हणून फेरे सांगू नका, जोर सांगा, 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत. हे मला पटलं, पण ते बोलायचं कसं? 'हजार जी' असं पहिल्यांदा म्हणालो तेव्हा शेजारच्याला वाटलं, मी कोण्या हजारजींना हाक मारतोय.

या सगळ्यात मला खरा त्रास झाला तो मान हलवण्याच्या सवयीचा. आम्ही वाढलो ते मोठी माणसं बोलत असताना मान डोलवत. परत विचारलं की 'लक्ष कुठे होतं?' हे ठरलेलं, त्यामुळे कळलं नाही तरी 'हो' म्हणायचं आणि मग बाहेर येऊन दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं, जो आपल्यासारखाच 'हो' म्हणून बाहेर आलेला असतो. मॅडमना मान चालत नसे. सूचना संपली की त्या गप्प राहत. मीही गप्प. मग त्या म्हणत, "बरं, आता तू सांग." आणि मला सगळं परत म्हणून दाखवावं लागे: कोणता नमुना, किती, कशात, किती वेळ, कोणत्या तापमानाला. 'रूम टेंपरेचर' म्हणालो, तर म्हणाल्या, "कोणत्या रूमचं? एसी चालू की बंद?"

ही सगळी तयारी ज्यासाठी, तो फोन.

लॅबमधला फोन दोन्ही हातमोजे नमुन्यात माखलेले असतानाच वाजतो. मोजे घालून फोनला हात लावायचा नाही, हा नियम. मोजे काढा, हात धुवा, पुसा, पोचा, फोन बंद. नवे मोजे चढवा, फोन चालू. मोज्यांचा निम्मा खप या फोनमुळे होत असावा, असा माझा अंदाज आहे.

आणि आपण लावायचा फोन तर त्याहून अवघड. एखाद्याच्या रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे ६.८ मिलिमोल आलं, (साधारण ३.५ ते ५ असायला हवं, याहून फार वाढलं तर हृदयाची लय बिघडू शकते), की छापील रिपोर्टची वाट न बघता वॉर्डला तडक कळवायचं. कळवलं की पलीकडच्यानं ते परत वाचून दाखवायचं, आपण 'बरोबर' म्हणायचं, आणि कोणाला, किती वाजता सांगितलं ते नोंदवायचं. कागदावर हे किती सोपं दिसतं!

"लॅबमधून बोलतोय. तुमच्या पेशंटचं पोटॅशियम..."

"हो हो, कळलं."

"अजून आकडा सांगितला नाही."

"सांगा."

"सहा पॉइंट आठ. कृपया परत वाचून दाखवता का?"

"मला ऐकू येतं हो."

आता या वाक्यावर काय बोलणार? ज्या माणसानं आयुष्यात हॉटेलातही वेटरला दुसऱ्यांदा हाक मारली नाही, त्यानं रात्रपाळीला थकलेल्या अनोळखी नर्सला शाळामास्तरासारखं 'वाचून दाखवा' म्हणायचं! पण 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' हे फोनवर जुळे भाऊ आहेत, 'बी' आणि 'डी' त्यांच्याहून सख्खे. विमानवाल्यांनी हा घोळ ओळखून 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा' ही अक्षरमाला १९५६ पासून अमलात आणली. मीही मोठ्या हौसेनं ती पाठ केली. नमुन्याचा क्रमांक सांगताना म्हणालो, "डी, डेल्टा." पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला आणि मग उत्तर, "डेल्टा नावाचा पेशंट आमच्याकडे नाही."

यावर कडी म्हणजे नमुना नाकारल्याचं कळवणं. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. मग नमुना परत मागवायचा. "सॅम्पल हिमोलाइज झालंय" एवढंच म्हटलं, की पलीकडे ऐकू जातं, 'तुम्हाला रक्त घेता येत नाही.' जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं गेलं असेल, तर तिथलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं पोटॅशियमयुक्त रसायन, पोटॅशियम आभाळाला नेतं आणि कॅल्शियम पाताळात. हे अहवालावर स्वच्छ दिसतं. पण 'तुम्ही ओतलंत का?' हा प्रश्न कोणत्याही स्वरात विचारा, तो पोलिसानं विचारल्यासारखाच वाटतो.

मॅडमचा फोन मी एकदा कान देऊन ऐकला. "नमुन्यातल्या पेशी फुटल्या आहेत, त्यामुळे पोटॅशियम खरं आहे त्याहून जास्त दिसेल. उपचार चुकू नयेत म्हणून नवा नमुना लागेल. नवा पोचला की सगळ्यात आधी तोच लावते." पलीकडून चक्क 'थँक यू' आलं. आख्ख्या बोलण्यात पेशी दोषी, पोटॅशियम दोषी; माणूस एकही नाही. हसरा चेहरा तर फोनवर दिसणारच नव्हता.

पाळी बदलताना होणाऱ्या निरोपांबद्दल फार लिहीत नाही. 'सगळं ओके आहे, फक्त मशीन जरा कुरकुरतंय' असं म्हणून जाणाऱ्या माणसाला दारात अडवायला संवादकौशल्य नको, कुलूप हवं.

लेखी संवादाचं मात्र सांगायलाच हवं. आमच्या नोंदवहीत व्हाइटनर चालत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. थोडक्यात, चूक सुद्धा सुवाच्य हवी. बाटल्यांवर काय आहे, किती तीव्र आहे, कधी केलं, कोणी केलं, हे लिहायचं. मॅडम येण्यापूर्वीच्या काळातल्या काही बाटल्या फ्रिजच्या तळाशी सापडल्या, त्यांच्यावर 'नवीन', 'नवीन २' आणि 'हेच वापरा' असं लिहिलं होतं. एकीवर '०३/०४' एवढंच. तीन एप्रिल की चार मार्च, आणि मुळात कोणत्या साली, हे सांगणारा निवृत्त झाला असावा.

फ्रिजच्या दारावर तर सूचनांची वेगळीच परंपरा आहे. 'कृपया दार नीट लावा.' त्याखाली 'दार नीट लावा.' त्याखाली 'दार!!' मॅडमनी हे बघून एका मीटिंगमध्ये सांगितलं, की प्रत्येक सूचनेवर नाव आणि तारीख हवी. दुसऱ्या दिवशी दारावर ठळक अक्षरांत नवा कागद चिकटला: 'सही व तारीख नसलेली सूचना लावू नये.' सही नाही, तारीख नाही. कोणीतरी अगदी नियमाप्रमाणे त्यावर खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिलंय, 'म्हणजे नक्की कोणाची?' त्यालाही सही नाही. मॅडम शपथेवर सांगतात, अक्षर त्यांचं नाही.