तेवीस किलोंचा हिशेब

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आमचा २१ दिवसांचा अभ्यासदौरा ठरला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि शेवटी पॅरिस. सरांनी सूचनांचा एक कागद दिला, त्यात एकच ओळ जाड ठशात होती : ‘आपापली बॅग आपण उचलायची.’ ती मी घरी मोठ्याने वाचून दाखवली, तिथेच चुकलं.

“का बरं?” बाबांनी विचारलं. म्हटलं, व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रिकाम्या बॅगेत रद्दी भरली आणि मला जिन्यात उभं केलं. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत वर, मग खाली. दूधवाल्याने विचारलं, “ताई, कुठे निघालात?” बाबांनीच उत्तर दिलं, “व्हेनिसला.” दहा मिनिटांनी तोच माणूस खाली उतरताना मी परत वर चढत होते. “राहिलं का व्हेनिस?” तो म्हणाला.

व्हिसाचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं की अजून ॲसिडिटी होते. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि हसायचं नाही. आजीला व्हिसाच्या नावातला ‘शेंगेन’ हा शब्द शेंगांसारखा ऐकू आला, म्हणून तिला समजावून सांगितलं, की हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक खेडं आहे. १४ जून १९८५ला पाच देशांनी तिथे बोटीवर बसून, आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू उठवायची असा करार केला. आता त्यात २९ देश आहेत. आजी म्हणाली, “म्हणजे एकदा आत शिरलं की कोणी विचारत नाही? तरीच! २९ जणांचं मिळून दारातच विचारून घेतायत.” व्हिसाच्या कागदांची यादी इतक्या कमी शब्दांत मला कोणीच समजावली नव्हती.

विम्याची अट मात्र बाबांनी चष्मा लावून वाचली. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं आणि त्यात मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला हवा. “हे चांगलं आहे,” बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि बॅगेत आणखी एक स्वेटर टाकला. आम्ही जूनमध्ये निघणार होतो.

त्यापुढे जे काही बॅगेत गेलं, ते माझ्या तोंडामुळे गेलं. रोममधल्या पॅन्थिऑनचं मी कौतुक सांगत होते : घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जवळपास १९०० वर्षं उभा, आणि माथ्यावर भलंमोठं गोल भोक, त्याला काच नाही की काही नाही. “मग पावसाचं?” आईने विचारलं. म्हटलं, पाऊस सरळ आत येतो, म्हणून तर फरशीतही पाणी जायला भोकं ठेवली आहेत. या वाक्यातून स्थापत्यशास्त्राचा आनंद मला मिळाला आणि आईला छत्री. लांब दांड्याची. दुमडणारी छत्री तिच्या मते छत्रीच नसते.

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हे कळल्यावर आजीचं पोपबद्दलचं मत एकदम सुधारलं. माझे कपडे परत एकदा तिच्या नजरेखालून गेले. निम्मे बाद झाले, पण वजन वाढलं, कारण पुरतं झाकणारे कपडे जास्त भरतात.

मग खाण्याचा विषय. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, हे मी आईला दाखवलं. तिने तयार ठेवलेल्या डब्यांतला जवळजवळ प्रत्येक पदार्थ दुधातुपाचा होता. तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, म्हणून पुढचाही नियम वाचला : फळांनाही कागदपत्रं लागतात, फक्त पाच फळांना लागत नाहीत. अननस, केळी, खजूर, डुरियन आणि नारळ.

“नारळ चालतो?” आजी उठून बसली.

पाच मिनिटांत सोललेला, शेंडी राखलेला नारळ बॅगेत होता. माणसाला कामावरून काढताना हातात नारळ देतात, मला घरातूनच मिळाला.

काकांनी प्लग आणला. ते दहा वर्षांपूर्वी लंडनला जाऊन आले आहेत, तेव्हापासून युरोप हे खातं त्यांच्याकडेच आहे. प्लग तीन चौकोनी दात असलेला, ब्रिटिश. इटलीत गोल पिना लागतात, असं मी म्हणून पाहिलं. “घेऊन तर जा,” काका म्हणाले. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, मॉडेल कापायचा कटर हातातल्या बॅगेत चालत नाही. आईने दोन्ही नेमक्या उलट जागी, रुमालात गुंडाळून ठेवले होते.

निघायच्या आदल्या रात्री दादाने वजनकाटा आणला. मर्यादा २३ किलो. बॅग काट्यावर ठेवली की आकडाच झाकला जायचा, म्हणून मी ती उचलून काट्यावर उभी राहायचं आणि एकूण वजनातून माझं वजा करायचं, असं ठरलं. काट्याने ८३ दाखवले.

“तुझं किती?” दादाने विचारलं. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. काकासुद्धा.

“छप्पन्न,” मी म्हणाले.

“म्हणजे बॅग २७. चार किलो काढा.”

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांत आधी स्थापत्याच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघालं, मग दोन स्केचबुकं. अभ्यासदौऱ्यातून पहिला बाहेर पडला तो अभ्यास. स्वेटरला हात लावायची कोणाची छाती नव्हती. छत्री गेली, काकांचा प्लग काकांसमोर राहिला आणि ते गेल्यावर गेला. तरी अर्धा किलो जास्तच भरत होता. शेवटी आजीनेच हात घातला आणि आम्ही नारळालाच नारळ दिला.

विमानतळावर घरचे दाराबाहेर थांबले. आत काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि सुटकेच्या भरात त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. १९ किलो.

पहिला मेसेज बाबांचा : ‘चार किलो मोकळे? छत्री गाडीतच आहे. देऊ का?’

मग दादा : ‘असं कसं? काटा बरोबर आहे. मी पाच किलोंच्या डंबेलने तपासला होता.’

मग बराच वेळ ‘आई टाइप करत आहे’ एवढंच दिसत राहिलं. काचेपलीकडे ती दिसत होती, भुवया जवळ आणून, बोटांवर काहीतरी मोजत.

‘म्हणजे तू साठ.’

मी फोन खिशात टाकला. तो परत वाजला. आजीचा आवाजी निरोप होता, मागे कोणीतरी हसत होतं.

“अगं, म्हणजे नारळ बसला असता की!”