कोल्हापूर बघून आलात म्हणजे नेमकं काय बघितलंत?

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबेल. वेळ नसेल त्यांनी रात्री वाचा, पण वाचा.

आमच्या कॉलेजच्या बॅचचं २६ जानेवारीला जोडून कोल्हापूरला जायचं ठरतंय. काल रात्री ग्रुपवर कार्यक्रम पडला. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा, कणेरी मठ, मधे तांबडा-पांढरा, येताना चपला आणि गूळ. मी एवढंच लिहिलं की एक दुपार मोकळी ठेवू या, शाहू स्टेडियमवर सामना असला तर बघू. झालं! हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एक म्हणाला, "काय गं तू पण, कोल्हापूरला जाऊन फुटबॉल? बार्सिलोना टीव्हीवर दिसतंय की." दुसरा म्हणाला, "बायकापोरं घेऊन त्या राड्यात कशाला?" आणि जिच्याकडून मला साथीची खात्री होती तिनं लिहिलं, "त्यापेक्षा त्या वेळेत अजून एक पॉइंट होईल."

मी फोन ठेवून दिला. भाकरी थापताना हात जरा जोरातच पडत होता.

तुम्ही सगळे शिकलेली, फिरलेली माणसं आहात. परगावी गेल्यावर तिथल्या माणसात मिसळावं हे तुम्हाला मी सांगायला नको. मग फुटबॉल म्हटलं की हसू का येतं?

माझा मुलगा सहावीत होता तेव्हाची गोष्ट आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत एसटीनं आम्ही माझ्या आतेबहिणीकडे गेलो होतो. तिचं सासर मंगळवार पेठेत. दुपारची जेवणं झाली आणि दाजी सारखे घड्याळाकडे बघायला लागले. गल्लीत चिटपाखरू नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर. मी विचारलं, काय झालं, कुणी गेलं का? तर बहीण म्हणाली, "मॅच हाय." एवढंच. मुलानं लगेच दाजींचा हात धरला, आणि त्याला एकट्याला पाठवायला नको म्हणून मीही निघाले. फुटबॉलसाठी नव्हे, हे खरं.

स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्या तापल्या होत्या. आम्ही उभेच. शेजारी एक आजोबा बसले होते, सत्तरीच्या पुढचे असतील, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी वर बघितलं. "कुठलं पाव्हणं?" म्हटलं, सोलापूरचे. "सोलापूर? मग आज आमच्यात बसायचं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या बुडाखालचा पेपर काढला, अर्धा फाडला आणि आम्हाला अंथरायला दिला. मग मागं वळून ओरडले, "ए पोरांनो, हितं लेडीज हायत, तोंड सांभाळा." आणि पोरांनी सांभाळलं. रेफरीनं एक पेनल्टी नाकारली तोपर्यंत तरी सांभाळलं.

पुढचा दीड तास त्या आजोबांनी आम्हाला गाव वाचून दाखवलं. मैदानात कोण कुठं धावतोय याच्याशी त्यांना कर्तव्य कमी. हा गोलकीपर कुणाचा नातू, त्याचा आजा ह्याच तालमीकडून अनवाणी खेळायचा. तो डावीकडचा बॅक पहाटे पेपर टाकतो, मग सरावाला येतो. पलीकडचा उंच पोरगा नायजेरियाचा, त्याला पेठेतल्या घरांतून डबा जातो, पहिल्या महिन्यात तिखटानं डोळ्यांतून पाणी काढायचा आणि आता जेवताना खर्डा मागून घेतो. माझा मुलगा बॉलकडे बघायचा सोडून आजोबांच्या तोंडाकडे बघत होता.

आता सांगा, हे तुम्हाला पन्हाळ्यावर कोण सांगणार आहे? गाइड? तो तुम्हाला अंधारबाव दाखवेल, तीन दरवाजा दाखवेल, ते बघायलाच हवं, मी नाही म्हणतच नाही. पण आज कोल्हापुरात जिवंत असलेली माणसं कुणावर जीव टाकतात ते तिथं कळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. कोल्हापूरचे बरेचसे संघ तालमींचे आहेत. तालीम म्हणजे कुस्तीची. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग उभं केलं, त्या गावाच्या पेठापेठांतल्या तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब. ही नावं तिथल्या पोराला पाळण्यात असतानाच मिळतात. राजघराण्याचा आश्रय या खेळाला आहे. कुठली कंपनी आली, संघाला नाव दिलं आणि दोन वर्षांनी गाशा गुंडाळून गेली असला प्रकार नाही. पेठ जागेवर आहे म्हणून संघ जागेवर आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो काय आभाळातून पडला? असल्याच पायऱ्यांवरच्या लोकांच्या ओरड्यात वाढलेलं गाव आहे ते.

आणि तुम्ही मला बार्सिलोना सांगता!

बघा ना बार्सिलोना, रात्री जागून बघा, आमच्या घरीही बघतात. खेळ त्यांचा कितीतरी सरस आहे, ते मान्य. पण त्या स्टेडियममधल्या एकाही माणसानं तुम्हाला "कुठलं पाव्हणं" असं विचारलंय का? तुम्ही टीव्ही बंद केलात तरी त्यांना पत्ता लागत नाही. २०१८ मध्ये भारताच्या फुटबॉल संघाचा कर्णधार सुनील छेत्रीनं व्हिडिओ काढून देशाला हात जोडले होते, आठवतंय? मुंबईत अंधेरीला भारताचा सामना होता आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. एवढा मोठा खेळाडू सांगतो की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला स्टेडियम भरलं. आपल्याला कुणीतरी हात जोडल्याशिवाय उठायचं नसतं का?

थोडं शांत होऊन लिहिते.

हे फक्त कोल्हापूरचं नाही. आमच्या शेजारचे मागं कलकत्त्याला जाऊन आले. व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, काली घाट, दक्षिणेश्वर आणि रसगुल्ल्यांचे डबे. मोहन बागानचं मैदान बघितलंत का विचारलं तर म्हणाले, ते काय असतं? अहो, २९ जुलै १९११ ला ज्या क्लबच्या पोरांनी, एक सोडून बाकी सगळे अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूट घातलेल्या गोऱ्यांना २-१ नं हरवून आयएफए शील्ड ही मोठी स्पर्धा जिंकली, तो हा क्लब. आपल्या सोलापुरानं १९३० साली इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला, आपल्याला हे सांगायची गरज पडू नये. आजही पावसाळ्यात तिथं कलकत्ता लीग चालते. मोहन बागानचा कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल जिंकला की त्यांच्या घरी इलिश मासा आणि मोहन बागान जिंकलं की कोळंबी. अख्ख्या शहराचा बाजार एका सामन्यावर हलतो आणि आपण तिथं जाऊन पुतळ्याशेजारी फोटो काढून परत येतो.

केरळचंही तेच. हाऊसबोट आणि चहाचे मळे. मलप्पुरम, कोळिकोडकडे भात निघाल्यावर मोकळ्या मैदानांवर बांबू-लाकडाच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उभ्या राहतात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सात-सात जणांचा फुटबॉल रंगतो, सेव्हन्स म्हणतात त्याला. आफ्रिकेतून खेळाडू येतात. गावंच्या गावं लोटतात. कुठल्या टूरवाल्यानं आजवर तुमच्या कार्यक्रमात हे घातलंय? आणि घालणार तरी कसं, तिथं त्याला कमिशन कोण देणार?

बरं, राड्याचं. होतो. कोल्हापुरात समर्थकांमध्ये मारामाऱ्या झाल्यात, दगड पडलेत, पोलिसांच्या काठ्याही बसल्यात. कलकत्त्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याच्या वेळी सोळा माणसं गेली, ती गोष्ट कुणी विसरू नये. शिव्याही असतात. त्या दिवशी पायऱ्यांवर बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या आणि बायकांच्या सोयीची मला जी काळजी होती ती खरीच ठरली. कबूल. पण म्हणून घरी बसायचं? बायका गेल्या नाहीत तर सोयी कुणासाठी होतील? लग्नाच्या वरातीत कमी धिंगाणा असतो का, तिथं जाताच ना पोरं घेऊन? मी एक मध्यमवयीन बाई, अनोळखी गावात, अनोळखी पुरुषांच्या गर्दीत बसले होते, आणि मला जितकं सांभाळून घेतलं गेलं तितकं आपल्याकडच्या सिटी बसमध्ये कधी घेतलं गेलं नाही. कुणी पाण्याची बाटली पुढं केली. मुलाला दिसत नव्हतं तर पुढच्या पायरीवरचा माणूस आपणहून सरकला. आजोबांनी एकदाच हाक दिली होती, बाकीचं त्या पोरांनी स्वतःहून केलं. तुमच्या त्या "राड्यात कशाला" वाचल्यापासून मला तीच पोरं आठवतायत, म्हणून जास्त लागलंय.

आता आपल्याकडं या. समजा, परगावचा कुणी संक्रांतीला सोलापुरात आला. त्यानं भुईकोट किल्ला बघितला, सिद्धेश्वराचं देऊळ बघितलं, शेंगाची चटणी आणि चादर घेतली. आणि बाहेर सिद्धेश्वराच्या यात्रेतले सातही नंदीध्वज, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्या, निघालेत, बाराबंदी घातलेली माणसं तो भार पेलत अडुसष्ट लिंगांच्या वाटेला लागलीयत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं सोलापूर उभं आहे, आणि हा गृहस्थ हॉटेलात पडून मोबाइल बघतोय. वर घरी जाऊन सांगतोय, सोलापूर बघितलं. तुम्हाला कसं वाटेल? तुम्ही त्याचा हात धरून त्याला ओढत रस्त्यावर आणाल. मला माहीत आहे तुम्ही आणाल, कारण दरवर्षी आणता. मग कोल्हापूरकर ज्याच्यासाठी गल्ल्या रिकाम्या करतो ते बघायला तुमचा पाय का उचलत नाही?

माझ्या आतेबहिणीच्या सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी आम्ही घरी परतलो तर त्या उंबऱ्यातच बसलेल्या, शेंगा फोडत. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाल्या, "दोन झाले न्हवं? दुसरा पेनल्टीवर." मी चकित. मोबाइल त्या वापरत नाहीत, घरात रेडिओ नाही. म्हटलं, आजी, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, "पैला झाला तवा आवाज एकदम फुटला. दुसऱ्याला आधी समदं गप झालं, मग फुटला. म्हंजी पेनल्टी." त्या कधी स्टेडियमच्या आत गेल्या नव्हत्या. लग्न होऊन त्या पेठेत आल्यापासून घरकाम करता करता सामने नुसते कानांनी बघत होत्या. आधी नवरा जायचा, मग दीर, मग मुलगा. मला तेव्हा खूप वाईट वाटलं. आपण दोघी जाऊ या का पुढच्या वेळी, असं मी म्हणाले, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला हितनं दिसतंय की." पुढची वेळ आली नाही. त्या गेल्या वर्षी गेल्या.

म्हणून मला "वेळ वाया जाईल" हे सहन होत नाही. ज्यांना जाता येतं ते जात नाहीत.

आपल्या गावातही पोरं फुटबॉल खेळतात. रणरणत्या उन्हात, खडीच्या मैदानावर, फाटक्या बुटांनी. बघायला कोण असतं? त्यांचेच दोन मित्र आणि एखादा बाप. त्यांच्या पायातही असेलच काहीतरी, पण "सोलापूरचं? मग आमच्यात बसायचं" म्हणणारा म्हातारा पायरीवर नसेल तर पोरगं कुणाला दाखवायला खेळेल? हा राग माझा स्वतःच्या गावावर आहे आणि तो राहणार.

असो. दाजींना सकाळीच फोन केलाय. त्या आठवड्यातले सामने कधी आहेत ते विचारून सांगणार आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला वेगळा मेसेज करा. काही गोष्टी आताच सांगून ठेवते. जुना पेपर घ्या, पायऱ्या भाजतात. टोपी आणि पाणी घ्या. घरूनच मोकळं होऊन निघा, विशेषतः बायकांनी. कुठल्याही संघाच्या रंगाचा टी-शर्ट पोरांना घालू नका, आणि जिथं ढोल-झेंडे दिसतील त्या घोळक्याच्या जरा बाजूला, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोण कुठल्या पेठेचं ते त्यांना विचारा, लाजू नका, सांगायला ते बसलेलेच असतात. मध्यंतराला खायला म्हणून खाली उतरायची घाई करू नका, जागा जाते. शेंगा-फुटाणेवाला वरच येतो.