रस्त्याकडेची पाटी

गेल्या बुधवारी संध्याकाळी लीसबर्गला, म्हणजे व्हर्जिनियातल्या आमच्या लाउडन काउंटीच्या मुख्य गावी गेले होते. आम्ही राहतो त्या ॲशबर्नमधल्या एका जमिनीचं झोनिंग, म्हणजे तिथे काय बांधता येईल याचा नियम, बदलायचा अर्ज काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डापुढे सुनावणीला होता. सभागृहात खुर्च्या जास्त, माणसं कमी. बोलायला नावं दिलेले जेमतेम बारा-तेरा जण. त्यात देशी चेहरे दोनच, मी आणि मुलाकडे राहणारे एक तेलुगू आजोबा. नाव पुकारल्यावर आजोबांनी खिशातला घडी घातलेला कागद काढला, चष्मा नीट केला आणि सांगितलं, ‘मी रोज सकाळी नातीला शाळेत सोडायला इथून चालत जातो. नवीन नकाशात फुटपाथ कुठे आहे ते मला सापडत नाही.’ बस, एवढंच. थोड्या वेळाने एका सुपरवायझरने, म्हणजे बोर्डाच्या सदस्याने, स्टाफला नेमका तोच प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायला स्टाफला कागद चाळावे लागले.

तेव्हापासून मनात एक गोष्ट घोळते आहे, ती आज लिहून टाकते. आपण या काउंटीत घरं घेतली, मुलं वाढवली, पण ही काउंटी कशी वाढायची हे ठरतं तिथे आपण जात नाही. आणि जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

लाउडन काउंटीची लोकसंख्या १९९० मध्ये ८६ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ४ लाख २१ हजारांच्या घरात गेली. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट! ही वाढ आपोआप झालेली नाही. कुठे घरं, कुठे शेतं, कुठे कारखानेवजा इमारती, हे बोर्डावरच्या नऊ माणसांनी मतं देऊन ठरवलंय. आज आपण ज्या सिल्व्हर लाइन मेट्रोने डीसीला जातो, तिच्यात काउंटीने राहायचं की बाहेर पडायचं यावर जुलै २०१२ मध्ये मतदान झालं. निकाल ५ विरुद्ध ४. ॲशबर्न स्टेशन सुरू झालं नोव्हेंबर २०२२ मध्ये. एकच मत फिरलं असतं तर आपल्यापैकी कितीतरी जणांनी इथे घरच घेतलं नसतं.

डेटा सेंटरचं, म्हणजे इंटरनेटचे कॉम्प्युटर ठेवलेल्या त्या अवाढव्य इमारतींचंही तेच. नव्वदच्या दशकात इथे इंटरनेटचं फायबर आलं, एओएल ही इंटरनेट कंपनी आली, मोकळी जमीन होती, विमानतळ शेजारी होता. आज काउंटीत दोनशेच्या आसपास डेटा सेंटरं आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. त्यांच्या आतल्या कॉम्प्युटरांवर काउंटी शंभर डॉलर किमतीला ४.१५ डॉलर कर लावते, आणि त्या पैशाने आपल्या घरपट्टीचा दर उतरला आहे. २०१२ मध्ये दर शंभरी १.२३५ डॉलर होता, २०२५ मध्ये तो ०.८०५ झाला. आठ लाखांच्या घराला जुन्या दराने ९,८८० डॉलर पडले असते, २०२५ च्या दराने ६,४४० पडतात. आपल्या शाळा, लायब्ररी, रस्ते, सगळ्यात तो पैसा आहे.

पण त्या पैशाने आपण गप्पही झालो. वर्षानुवर्षं इथे बऱ्याच भागांत डेटा सेंटर बांधायला सुनावणीच लागत नव्हती. झोनिंगमध्ये बसतंय ना, मग स्टाफने कागद तपासायचे आणि मंजुरी द्यायची. लोकांना विचारायचा प्रश्नच नाही. सुनावणीशिवाय बांधायचा हा हक्क बोर्डाने काढून घेतला मार्च २०२५ मध्ये. तोवर बहुतेक जमीन संपत आली होती.

आमच्या मागच्या झाडीपलीकडे अशीच एक इमारत उभी राहिली. कोणाची ते लिहीत नाही. हिवाळ्यात पानं गळली की रात्री बेडरूमच्या काचेला एक बारीक घरघर येते. लहान मुलाच्या छातीत कफ भरल्यावर येते ना, तशी, न थांबणारी. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. पहिल्याच रात्री त्यांनी विचारलं, ‘अगं, फ्रिज बिघडलाय का तुमचा?’ इमारत नियमाप्रमाणेच बांधलेली आहे. मात्र तो नियम जेव्हा चर्चेला होता तेव्हा मी या काउंटीत राहत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, ही बोच काही जात नाही.

मग इमारतींना वीज लागते म्हणून टॉवर आले. गोल्डन ते मार्स या ५०० किलोव्होल्टच्या लाइनचा प्रस्ताव लाउडन व्हॅली इस्टेट्स या वस्तीच्या अंगावरून जाणारा निघाला आणि आपले लोक खडबडून जागे झाले. आमच्या ओळखीतले झाडून सगळे बैठकांना गेले, तारा जमिनीखालून घाला म्हणून पत्रं लिहिली. मला त्याचा अभिमान आहे. पण विजेच्या लाइनचा निर्णय काउंटीच्या हातात नसतोच, तो रिचमंडला राज्याच्या आयोगापुढे होतो. आपल्या हातात जे होतं ते त्याआधीचं होतं. २०१९ चा सर्वसमावेशक आराखडा, डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली नवी झोनिंग नियमावली. शेकडो पानांचे कंटाळवाणे कागद, आणि खरी भविष्यं त्यातच लिहिलेली.

गावाकडे हे आपल्याला कळतं. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की ‘हरकती व सूचना’ची मुदत असते, आणि माझे बाबा डोंबिवलीत शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करत चार मजले चढायचे. आमच्या बिल्डिंगपुढून आखलेला रस्ता त्यांनी पाहिला तो नकाशावर, बुलडोझर आल्यावर नव्हे. इथे तीच माणसं, तीच समज, आणि आपण म्हणतो, ‘आपल्याला इथलं राजकारण काय कळतंय.’ नागरिकत्व नाही, मत नाही, म्हणून जाऊन काय उपयोग, असंही ऐकते. सुनावणीत तुमचा व्हिसा विचारत नाहीत हो. इथे राहता, एवढं पुरतं. ज्यांना मत आहे त्यांनी २०२७ लक्षात ठेवा, त्या वर्षी बोर्डाच्या नऊच्या नऊ जागा निवडणुकीला आहेत. या निवडणुका राष्ट्राध्यक्षाच्या वर्षी येत नाहीत, म्हणून विसरल्या जातात.

असा अर्ज आला की त्या जमिनीच्या कडेला सुनावणीची एक छोटी पाटी लावलेली असते. त्यावर अर्जाचा नंबर असतो, झेडमॅप (झोनिंग बदल) किंवा स्पेक्स (खास परवानगी) असं काहीतरी लिहिलेलं. मीही अशा कितीतरी पाट्यांवरून गाडी पुढे नेली आहे. आता थांबते, फोटो काढते, नंबर काउंटीच्या साइटवर टाकून फाइल उघडते. अर्धा तास जातो. ज्यांना ती फाइल वाचायला जड जाते त्यांच्याबरोबर मी बसेन, मनापासून सांगते, चहा माझ्याकडे.

पुढच्या महिन्यात बुधवारी पुन्हा सुनावणी आहे. मी पाच वाजता ॲशबर्न स्टेशनच्या पार्किंगमधून निघणार आहे. एक जागा आजोबांची ठरली आहे. तीन रिकाम्या आहेत.