गुळाच्या खड्यानं फुफ्फुसातली सिलिका निघत नाही

रविवारी रात्री घरच्या ग्रुपवर अक्कानं एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "यांना दाखवला. उद्यापासून डब्यात रोज गूळ देते." 'यांना' म्हणजे आमचे दाजी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत 14 वर्षं फेटलिंगला आहेत, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांना (कास्टिंगना) चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढतात. दिवाळीपासून आमच्या घरी आले की जिन्याच्या मधल्या वळणावर थांबतात, खिशातून मोबाईल काढतात आणि बघत उभे राहतात. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. मला कळतं. त्यामुळे हा मेसेज नेहमीसारखा पुढं सरकवून सोडून देणं मला जमलं नाही.

मेसेजमध्ये म्हटलंय ते असं. धुळीत काम करणाऱ्यानं जेवणानंतर गुळाचा खडा खावा, फुफ्फुसात साचलेली धूळ गुळाला चिकटून पोटात उतरते आणि सकाळी शौचावाटे बाहेर पडते. मास्क नको, त्यानं ऑक्सिजन कमी पडतो, रुमाल पुरे. बिडी-सिगारेट नसेल तर फुफ्फुसाला काही होत नाही. आणि शेवटी घरच्या घरी तपासणी: दहा सेकंद श्वास रोखून धरा, खोकला आला नाही तर फुफ्फुस ठणठणीत, एक्स-रेवर पैसे घालवू नका.

आधी गुळाचं बघू. आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं, गुळाशी माझं काही वाकडं नाही. पण खाल्लेला गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. फुफ्फुसात तो पोचतच नाही, मग धूळ त्याला चिकटणार कुठं? जाड धूळ नाकात आणि श्वासनलिकेत कफाला चिकटते. तिथले बारीक केसासारखे तंतू तो कफ वर ढकलत घशापर्यंत आणतात, आपण तो थुंकतो किंवा गिळतो. एवढी धूळ खरोखरच पोटात जाते, पण ती गूळ न खाताही जाते. दाजींना सकाळी काळी थुंकी पडते आणि गुळानं घाण काढली असं त्यांना वाटतं. साच्याच्या वाळूत कोळशाची पूड मिसळलेली असते, तो हा काळा रंग. जी दिसते ती धूळ शरीरानं आपली आपण बाहेर टाकलेली असते.

घात करते ती न दिसणारी. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली फुटते तेव्हा सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या खनिजाचे, जे कण उडतात, त्यातले पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या हवेच्या बारीक पिशव्यांत, उतरतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. वायुकोशांत ते झाडणारे तंतू नसतात. तिथल्या रक्षक पेशी कण गिळतात, सिलिका त्या पेशीलाच मारते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. असं वर्षानुवर्षं चालतं आणि त्या जागी वण तयार होतात, टणक गाठी. हाच सिलिकोसिस. वण पडलेलं फुफ्फुस पूर्ववत करणारं औषध आज नाही, आणि धुळीतलं काम सोडल्यावरही हा आजार वाढत राहू शकतो. अशा माणसाला क्षयरोगाचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका 1997 मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे.

मेसेजमध्ये 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' असंही आहे. ते मी शोधून वाचलं. अभ्यास आहे, हे मान्य करावं लागेल. लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरमधल्या साहू आणि सक्सेना यांनी तो 1994 मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्हज'मध्ये छापला. धुळीत-धुरात काम करणारे कामगार गूळ खाल्ला की त्रास होत नाही असं सांगत, म्हणून त्यांनी प्रयोग केला. उंदरांवर. कोळशाची धूळ दिलेल्या उंदरांना गूळ चारला, तेव्हा फुफ्फुसातली इजा काहीशी कमी दिसली. कोळशाचे कण मात्र गेले कुठं, तर फुफ्फुसातून श्वासनलिकेजवळच्या लसिका ग्रंथींत. म्हणजे शरीरातच राहिले. पोट, शौच यांचा त्यात संबंध नाही. उंदरांवरचा हा एक प्रयोग चांगला असेलही, पण त्याच्या भरवशावर 14 वर्षं फेटलिंग केलेल्या माणसाला 'खा आणि निर्धास्त राहा' असं सांगणं हा गुन्हा आहे. गुळानं घसा ओला होतो, खवखव कमी होते. तेवढ्यापुरता खावा, माझी ना नाही.

माझा खरा राग दुसरीकडं आहे. धूळ जिथं उठते तिथंच अडवायची असते. ग्राइंडरपाशी धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट लागतो, नॉकआऊट, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायची जागा, बंदिस्त करावा लागतो, कोरड्या झाडूऐवजी पाणी मारून झाडावं लागतं. याला खर्च येतो. गूळ स्वस्त पडतो. दाजींच्या शॉपमध्ये सुटीच्या वेळी गडी कॉम्प्रेसरची नळी घेऊन एकमेकांच्या अंगावर हवा मारतात, शर्ट साफ होतो आणि तेवढा वेळ सगळे त्या ढगात उभे असतात. तिथून बाहेर पडताना हातात गुळाचा खडा मिळतो. कंपनी काळजी घेते असं माणसाला वाटतं, आणि एक्झॉस्ट कधी बसवणार हे कुणी विचारत नाही.

मास्कचं थोडक्यात. ऑक्सिजनचे रेणू मास्कमधून आरपार जातात. एन-95 घालून आठ तास ग्राइंडर मारणं फार जड जातं हे खरं, पण ते गरम होतं म्हणून, ऑक्सिजन संपतो म्हणून नव्हे. रुमालातून बारीक सिलिका सहज जाते. बिडीनं आजार बळावतो, पण दाजींनी आयुष्यात बिडी ओढली नाही आणि जिन्यात थांबतात तेच.

दहा सेकंदांची ती तपासणी तर कोरोनात फिरली होती, तेव्हाही खोटीच होती. सिलिकोसिसमध्ये सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दम लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. दाजींनी अक्कासमोर पंचवीस सेकंद श्वास धरून दाखवला, म्हणून ती खूश आहे. फुफ्फुसात वण आहेत का ते छातीच्या एक्स-रेवर दिसतं, किती हवा आत-बाहेर होते ते फुंकर मारायच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत कळतं. आणि डॉक्टरला काम काय करतो ते आपणहून सांगावंच लागतं. न सांगितल्यामुळे फोटोतले डाग टीबीचे समजून महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या खाणारे कामगार थोडे नाहीत.

अक्का, अजून एक. सिलिकोसिस 1948 च्या कारखाना कायद्यातच कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, तो कामामुळे झालेली इजा धरला जातो, त्याची भरपाई हा हक्क आहे. पण त्याला कागद लागतो, आणि कागदाची सुरुवात एक्स-रेपासून होते. शनिवारी दाजींची सुट्टी आहे, मी सकाळी नऊला गाडी घेऊन येतो. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेव: फेटलिंग, 14 वर्षं, रुमाल बांधून.