म्हणे, आमचं काही नाही!

ज्यांच्याकडे परदेशात पाहुणे येणार आहेत त्यांना एकच सांगते. "आमचं काही नाही, तुम्ही ठरवाल ते" म्हणणाऱ्या माणसापासून सांभाळून राहा. त्यापेक्षा हट्टी माणूस परवडला. त्याला आयफेल टॉवर बघायचा असतो, तो बघतो आणि गप्प बसतो. 'आमचं काही नाही'वाल्यांचं सगळंच असतं. फक्त ते तिकिटं काढून झाल्यावर बाहेर पडतं.

सासऱ्यांची पंचाहत्तरी आमच्याकडे जर्मनीत करायची, असं घरच्यांनी ठरवलं. घरच्यांनी म्हणजे तिकडच्यांनी. आम्हाला व्हॉट्सॲपवर कळलं, केकच्या चित्रासकट. हरकत नाही, बाबांसाठी काहीही करीन. पण शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, हे मी पहिल्या दिवसापासून कंठशोष करून सांगतेय आणि उत्तर काय? "अगं बघू गं, खूप वेळ आहे अजून." दिरांचं नक्की नाही, जाऊबाईंच्या रजेचं नक्की नाही, पुतण्याचा पासपोर्ट संपत आलेला. मग एका संध्याकाळी सगळ्यांचं एकदम नक्की झालं आणि अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून फोन मला! व्हिसा सेंटर जसं काही माझं माहेरच.

आत्यांची वेगळीच तऱ्हा. या व्हिसाला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो म्हटलं तर म्हणे, "मला काय धाड भरलीय? उगाच पैसे घालवायचे." अहो आत्या, तुम्हाला काही न होवो. पण इथल्या कार्यालयात पगाराच्या स्लिपा दाखवून, 29 युरो फी भरून तुमच्या भाच्याने हमीपत्र लिहून दिलंय. तुमचं राहणं-खाणं, आजारपण, वेळ आली तर तुम्हाला परत पाठवण्याचा खर्चसुद्धा त्याच्या डोक्यावर. आमच्या लग्नातसुद्धा इतक्या गंभीर कागदावर सही केली नव्हती त्याने.

मी ग्रुपवर विचारलं, प्रत्येकाने काय बघायचंय ते कळवा. आठवडाभर शांतता. मग तेच, "तुम्ही ठरवाल ते." एकट्या बाबांनी उत्तर दिलं. त्यांना म्युनिकचं डॉइचेस म्युझियम, विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय, बघायचं होतं. जन्म वीज मंडळात गेलेला माणूस. जुनी यंत्रं, विमानं बघायला मिळतील म्हणून महिनाभर आधीपासून खूश. त्यांच्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला. बाकीच्यांचं मी ठरवलं: नॉयश्वानश्टाइनचा किल्ला, स्वित्झर्लंडमध्ये बर्फातलं युंगफ्राउयोख, मध्ये दोन दिवस आराम. तिकिटं काढली, हॉटेलं भरली.

विमानतळावरून घरी येताना गाडीतच सुरू. "पॅरिस नाही का?" पुढच्या सिग्नलला, "इतक्या लांब येऊन लंडन नाही?" दिरांनी यूट्यूबवर बघितलं होतं म्हणे, पॅरिसहून रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांत लंडन. जातं की! पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा, आणि तुमचा शेंगेन एकदाच आत येण्याचा, बाहेर पडलात तर परत कसे येणार? यावर दीर म्हणतात, "इतकी वर्षं राहता इथे, कुणाची ओळख नाही?" ओळख! सीमेवरच्या अधिकाऱ्याशी!

लंडन टळलं, पॅरिस टळलं नाही. आरामाचे दोन्ही दिवस त्यात गेले. आणि गेलो कधी, तर मंगळवारी. मंगळवारी लुव्र, मोनालिसाचं ते म्युझियम, बंद असतं. हे मी आधी सांगितलं होतं, जेवताना सांगितलं होतं, ग्रुपवर लिहिलं होतं. पण बुधवारी जाऊबाईंना खरेदीला जायचं होतं, म्हणून मंगळवारच. मग काचेच्या पिरॅमिडसमोर उभं राहून मलाच, "अगंबाई, मोनालिसा राहिलीच की."

किल्ल्याचा दिवस आठवला की अजून डोकं तापतं. जर्मन रेल्वेचं स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं, ती चुकली की तिकीट गेलं. म्हणून त्या दिवशी मुद्दाम बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्याचं, तिकीट काढलं, पाचजणांपर्यंत एकच, लोकल गाड्यांना कामाच्या दिवशी सकाळी 9 नंतर दिवसभर चालतं. पण किल्ल्याला कुठे लवचीकपणा आहे? आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात आणि तिकिटावर वेळ छापलेली असते. "निघतोच आहोत" म्हणत दीर दाढीला बसले. त्यांच्यामागून आत्यांची पूजा. गाडी गेली. पुढची गाडी, मग बस, मग अर्ध्या तासाचा चढ, आणि दारात पोचेपर्यंत आमची वेळ उलटलेली. तिथे सगळे एका सुरात, "आमचं काही नाही, बाहेरून बघितला तरी बास." रात्री भारतात व्हिडिओ कॉल लागला तर, "एवढं लांब जाऊन आत काही नेलं नाही." नेलं नाही! कर्ता कोण या वाक्याचा?

युंगफ्राउयोख 3,454 मीटरवर आहे. उन्हाळ्यातही बर्फ. बूट आणा, असं मी निघण्याआधीच सांगितलं होतं. "आमचं चपलेवर भागतं" म्हणणाऱ्या आत्यांना शेवटी माझे बूट दिले आणि मी कॅन्टीनमध्ये बसून राहिले. जागा सुंदर आहे असं ऐकलंय.

माझ्या रजेचा प्रश्न तर कुणाला पडलाच नाही. इथे पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा कायद्याने मिळते, बऱ्याच कंपन्या जास्त देतात, पण ती वर्षभर पुरवायची असते. उरलेल्या दिवशी मी घरून काम करत होते, म्हणजे त्यांच्या मते मोकळी होते. मीटिंग चालू असताना दार उघडून, "गरम पाणी येत नाहीये गं."

पंचाहत्तरी शनिवारी होती. दुपारी मी दुकानात जाताना एकेकाला विचारलं, कुणाला काही हवंय? उद्या रविवार, सगळं बंद. "आमचं काही नाही." रविवारी सकाळी दिरांना ब्लेड हवी, आत्यांना गॅसवरची गोळी हवी, जाऊबाईंना शाम्पू. मोठ्या स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी असतात, म्हणून नवरा शाम्पूसाठी स्टेशनात. शनिवारी रात्री 10 वाजून गेल्यावरही स्पीकर चालू ठेवल्याबद्दल खालच्या आजोबांची माफी मागायला मी. 10 नंतर इथे शांतता पाळायची असते, हेही सांगून झालं होतं. "वर्षातून एक दिवस काय होतंय" असं दीर म्हणाले. ते जिना उतरून गेले नाहीत.

आणि डॉइचेस म्युझियम? त्या दिवशी आउटलेट मॉल निघाला. जिथे दिवसभर रमले असते तिथे बाबांना जेमतेम दीड तास मिळाला. तेवढ्यातही तीन फोन, "झालं का? आम्ही बाहेर थांबलोय." ज्याची पंचाहत्तरी त्याचीच इच्छा कात्रीत. बाबा बिचारे काही बोलले नाहीत, परत येऊन स्वतःची कपबशी विसळून ठेवली. सबंध मुक्कामात कपबशी विसळणारा तेवढा एकच माणूस.

आता सगळे पोचले. फोटो टाकून झाले. आत्यांना कुणीतरी विचारलं, ट्रिप कशी झाली? आत्यांचं उत्तर ग्रुपवर सगळ्यांसमोर: "छान झाली, पण फार पळवलं हो त्यांनी."

पळवलं? आत्या, पॅरिस कुणी वाढवलं? आउटलेट कुणी घुसडलं? पुढच्या वेळी ज्यांचं 'काही नाही' त्यांनी घरीच थांबा. बाबांना मी एकट्यांना बोलावणार आहे, आणि म्युझियमची दोन दिवसांची तिकिटं काढणार आहे.